मधुमेह, हृदय आणि वनौषधी
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मठाच्या वर्धापनोत्सवात वेदान्ताची चर्चा व्हावी, भक्तीचा महिमा गायिला जावा, हे स्वाभाविकच आहे. अशा पवित्र प्रसंगी रोग आणि औषधे यांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु चरकसंहितेचा प्रारंभ कसा झाला आहे, ते क्षणभर आठवावे. तप, उपवास, अध्ययन आणि व्रते यांत रोगांनी विघ्ने आणिली, तेव्हा प्राणिमात्रांच्या कळवळ्याने ऋषिजन हिमालयाच्या परिसरात एकत्र जमले आणि आरोग्याची विद्या मागण्यासाठी त्यांनी भरद्वाजाला इंद्राकडे धाडिले, अशी ती कथा आहे. म्हणजे आयुर्वेदाचा जन्म बाजारात किंवा राजवाड्यात झाला नसून आश्रमात झाला, ही आपल्या परंपरेची श्रद्धा आहे. तेव्हा मठाने या विषयाकडे पाठ फिरविणे, हेच परंपरेला सोडून होईल.

बीदर आणि कलबुरगी जिल्ह्यांची ही सीमाभूमी अनेक भाषांची आहे. बसवकल्याण, भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद या भागांतील बाजारात एकाच दुकानापुढे मराठी, कन्नड आणि दखनी अशा तीनही बोली कानी पडतात. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेने जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले आणि ते तीन राज्यांत गेले. परंतु रोगाने काही ती सीमा मानिली नाही. येथील रुग्ण सोलापूरला जातो, लातूरला जातो, हैदराबादला जातो आणि कलबुरगीलाही जातो. मधुमेहाला कोणी साखरेचा आजार म्हणतो, कोणी सक्करे कायिले म्हणतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात मधुमेही माणसांची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात, म्हणजे प्रौढांत शेकडा ११ हून अधिक आहे. हा रोग केवळ नगरवासी धनिकांचा, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे.

जत्रेच्या दिवसांत मंदिराच्या वाटेवर जडीबुटी विकणारा बसलेला असतो. त्याच्यापाशी बिबळ्याच्या लाकडाचा पेला असतो, जांभळाच्या बियांची पूड असते, गुडमारचे चूर्ण असते, अर्जुनाची साल असते. तोच माल आता सुबक बाटल्यांत आणि गोळ्यांच्या रूपाने औषधांच्या दुकानांतही मांडलेला दिसतो, आणि त्याची जाहिरात घरोघरी हातातल्या यंत्रावर येऊन पोहोचते. साखर समूळ जाईल, हृदयाच्या नळ्या मोकळ्या होतील, गोळ्या कायमच्या सुटतील, अशी आश्वासने तीत असतात. अशा आश्वासनावर विसंबून जो रुग्ण वैद्यकीय तपासणी आणि चालू असलेली औषधे दोन्ही सोडतो, त्याची हानी बहुधा साखरेने लगेच होत नाही. ती काही वर्षांनी हृदयाच्या द्वारे होते. म्हणून वनौषधी चांगली की वाईट, हा आजचा प्रश्नच नव्हे. मधुमेह्याच्या हृदयाच्या रक्षणाचा भार एकट्या वनौषधीवर टाकता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत: दहा कफाचे, सहा पित्ताचे आणि चार वाताचे. मधुमेह हा या शेवटच्या चारांतील. सूत्रस्थानाच्या १७ व्या अध्यायात एक विलक्षण योग आढळतो. त्या एकाच अध्यायात हृदयाचे पाच रोग वर्णिले आहेत आणि पुढे मधुमेह व त्यातून उद्भवणाऱ्या पिडकाही वर्णिल्या आहेत. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे ओज. ओजाचे स्थान हृदय. आणि मार्ग अवरुद्ध झालेला वायू ते ओज घेऊन बस्तीकडे जातो, तेव्हा कष्टसाध्य असा मधुमेह प्रवृत्त होतो, असे चरकाचे प्रतिपादन आहे. एवढ्यावरून प्राचीनांना आजचे सर्व हृद्रोगविज्ञान अवगत होते असे म्हणणे हा अभिमानाचा अतिरेक होईल. परंतु मधुमेह हा केवळ मूत्राचा रोग नसून हृदयात वसणाऱ्या जीवनशक्तीचा क्षय करणारा रोग आहे, ही दृष्टी त्यांच्यापाशी निश्चित होती.

आधुनिक विज्ञानाने हीच गोष्ट निराळ्या मार्गाने आणि मोजमापाने सिद्ध केली. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावच्या रहिवाशांचे निरीक्षण १९४८ सालापासून चालू झाले. वीस वर्षांच्या निरीक्षणाचा वृत्तान्त १९७९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मधुमेह्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका इतरांच्या दुपटी-तिपटीने असतो असे दिसून आले. याचे कारण असे की, रक्तातील वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेला मेद ही तीन मिळून रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर झिजवितात. तेथे मेदाचे थर साचतात. आणि असा एखादा थर फुटून रक्ताची गुठळी झाली की हृदयाच्या स्नायूचे पोषण खुंटते. त्यात आणखी एक कपट आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात नाड्या बधिर होतात, आणि त्यामुळे छातीत कळ यावयाची ती कित्येकदा येतच नाही. नुसता दम लागतो, घाम सुटतो, थकवा येतो, आणि घरची माणसे त्याला पित्त समजून ओवा-सुंठ देत बसतात. म्हणून ज्या रोगात हृदय आपली व्यथा मुखाने सांगत नाही, त्या रोगात मोजमाप हेच त्याचे मुख होय. रक्तदाब, साखर, मेद आणि मूत्रपिंडांची अवस्था वेळोवेळी मोजल्यावाचून, औषध झाडाचे असो वा कारखान्याचे असो, ते चालले की नाही हे कळण्याचा दुसरा उपाय नाही.

आता वनौषधींचा क्रमाने विचार करू. त्यांत मेथीला पहिला मान दिला पाहिजे. कन्नडात ती मेंत्ये. बीदरच्या शेजारी हैदराबादेत जी राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तेथील संशोधकांनी मेथीच्या दाण्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६० मधुमेह्यांना २४ आठवडे रोज २५ ग्रॅम मेथीची पूड आहारातून देण्यात आली आणि साखर उतरल्याचे आढळले. मेथीच्या दाण्यात बुळबुळीत तंतू विपुल असतात; ते आतड्यात अन्नरसाचे शोषण मंद करितात. हा गुण खराच आहे. परंतु तो आहारातील एका पदार्थाचा गुण आहे आणि त्याचे प्रमाणही थोडे नाही. चिमूटभर मेथी भरलेल्या एखाद्या गोळीकडून त्याच फळाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

विजयसार म्हणजे बिबळा, कन्नडातील होन्ने. याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी प्यावयाचे, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या वृक्षाची नव्या मधुमेह्यांवर परीक्षा केली आणि तिचा वृत्तान्त १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यात ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर आटोक्यात आली. मात्र ही परीक्षा ठराविक मात्रेतील औषधाची होती, पेल्यातील पाण्याची नव्हे. ती सौम्य आणि नवीन रोगावर होती. आणि तुलनेसाठी निराळा गट त्यात नव्हता. हृदयविकार टळतो किंवा आयुष्य वाढते, हे तीत पाहिलेच गेले नव्हते.

कारल्याची आणि जांभळाची ख्याती मोठी आहे. दोन्ही भाज्या-फळांत गणावयाची, आणि त्या नात्याने ती खुशाल सेवावी. परंतु कारल्याविषयी जगभरच्या प्रयोगांचा जो आढावा २०१२ साली घेतला गेला, त्यात औषध म्हणून त्याची शिफारस करण्याजोगा पुरावा मिळाला नाही. गुडमारची पाने चघळली की काही वेळ जिभेला गोडाची चवच कळत नाही. हा गुण खरा आहे, आणि त्यावरूनच त्याला ते नाव पडले. परंतु जिभेवरचे गोड मारणे निराळे आणि रक्तातील साखर मारणे निराळे.

हृदयासाठी प्रसिद्ध असलेला वृक्ष म्हणजे अर्जुन, नदीकाठी वाढणारा, कन्नडात होळेमत्ती. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात हृद्रोगावर अर्जुनाच्या सालीचे चूर्ण तुपाबरोबर, दुधाबरोबर किंवा गुळाच्या पाण्याबरोबर घेण्यास सांगितले आहे. येथेच थोडे थांबून विचार करावा. हृद्रोगासाठी सांगितलेले हे गुळाचे पाणी मधुमेह्याला कसे चालेल? चरकाने तर गुळाचे पदार्थ प्रमेहाच्या कारणांतच गणिले आहेत. ग्रंथातील एक योग उचलून दुसऱ्या रोगाच्या माणसाला द्यावयाचा, तर मध्ये वैद्याची बुद्धी असलीच पाहिजे, याला याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दुबळ्या हृदयाच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर १२ आठवडे अर्जुनाचा अर्क देऊन पाहिला. २०१६ सालच्या त्या वृत्तान्तात हृदयाच्या आकुंचनशक्तीत इष्ट अशी वाढ आढळली नाही.

गुग्गुळाची कथा अधिक उद्बोधक आहे. मठात ज्याचा धूप दरवळतो, तोच हा गुग्गुळ. सुश्रुताने केलेले मेदोरोगाचे वर्णन वाचून डॉ. सत्यवती यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात त्यावर संशोधन केले आणि १९६६ साली प्रबंध सादर केला. रक्तातील मेद गुग्गुळाने उतरतो, अशी आशा त्यातून निर्माण झाली आणि पुढे त्याचे औषधही निघाले. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवडे काटेकोर परीक्षा झाली, तेव्हा अनिष्ट मेद उतरण्याऐवजी किंचित वाढला. शास्त्रवचनातून प्रश्न घ्यावा आणि प्रयोगातून उत्तर घ्यावे. उत्तर मनासारखे नसले तरी ते घ्यावे, हा धडा गुग्गुळाने शिकविला.

याचा अर्थ वनस्पतींत सामर्थ्य नाही असा मुळीच नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे १९४९ साली ब्रिटनच्या हृद्रोगविषयक नियतकालिकातून जगापुढे मांडले आणि त्यासाठी १९५७ साली त्यांना लास्कर पारितोषिक लाभले. मधुमेहात आज कोट्यवधी लोक जे मेटफॉर्मिन घेतात, त्याचा उगम गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतील द्रव्याच्या शोधात आहे. फ्रान्समधील झाँ स्तेर्न यांनी १९५७ साली ते मधुमेह्यांना देऊन पाहिले. ज्या वनस्पतींत खरा गुण आढळला, त्या मोजल्या गेल्या, शुद्ध केल्या गेल्या आणि त्यांची मात्रा ठरली. सर्पगंधेच्या बाबतीत तर अधिक मात्रेने मन खिन्न होते हेही मोजमापानेच कळले, आणि तिची जागा पुढे दुसऱ्या औषधांनी घेतली. झाडाचे औषध आणि डॉक्टरांचे औषध यांत जातिभेद नाही. भेद आहे तो मोजलेल्या आणि न मोजलेल्या औषधांत.

आता अपायाकडे वळू. झाडपाल्याने लाभ झाला नाही तरी अपाय तर होत नाही ना, असे पुष्कळजण म्हणतात. देवपूजेत वाहिली जाणारी कण्हेर आणि अंगणातील बिट्टी ही दोन्ही हृदयाचा ठोका बंद पाडणारी विषे आहेत. तीही झाडेच होत. खोकल्यावर चघळावयाचे ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतले तर रक्तदाब चढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरून हृदयाची लय बिघडते. साखर उतरविणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता कारल्याचा वा गुडमारचा अर्क जोडीला घेतला, तर साखर प्रमाणाबाहेर उतरून मूर्च्छा येऊ शकते. दुबळ्या हृदयाला तो आघात सोसत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने लसणाचे अर्क मनानेच घेतले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. भेसळीची गोष्ट याहून भयंकर आहे. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह्याची मूत्रपिंडे आधीच संकटात असतात. त्यांवर हा आणखी भार. २००८ साली सिंगापुरात पौरुष वाढविणारी म्हणून विकलेल्या औषधांत साखर उतरविणारे आधुनिक औषध गुपचूप मिसळलेले निघाले. १५० माणसांची साखर धोकादायक उतरली आणि चौघे मरण पावले. चूर्ण घेताच साखर जादूसारखी उतरली, तर आनंदापूर्वी शंका यावी, ती यासाठी.

मग ‘समूळ नाशा’च्या वचनाचे काय? येथे शास्त्र आणि कायदा एकमुखाने बोलतात. चरकाच्या मते कफज प्रमेह साध्य, पित्तज याप्य, म्हणजे पथ्याने सांभाळून नेण्याजोगे, आणि वातज असाध्य. मधुमेह या वातजांतच येतो. ज्या रोगाला स्वतः चरक असाध्य म्हणतो, तो एका बाटलीत समूळ जाईल असे आयुर्वेदाच्या नावाने सांगणारा मनुष्य आयुर्वेदाचा भक्त नव्हे, त्याचा निंदक होय. भारताच्या संसदेने १९५४ साली आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयी जो कायदा केला, त्याच्या सूचीतही मधुमेह आणि हृदयविकार ही नावे आहेत. ते बरे करण्याचा दावा जाहिरातीत करणे निषिद्ध आहे.

सुश्रुताने मधुमेहाचे जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन भेद केले, आणि चरकाने स्थूल व कृश रुग्णांची चिकित्सा वेगळी सांगितली. या विवेकाचे मोल आज प्राणाइतके आहे. ज्या बालकाच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्याला १९२१ साली लागलेल्या इन्सुलिनच्या शोधानेच जीवदान मिळाले. अशा मुलाचे इन्सुलिन तोडून त्याला काढा देणे म्हणजे त्याचा घात करणे होय. मग तो काढा कितीही श्रद्धेने दिलेला असो.

तर मग परंपरेतून घ्यावयाचे ते काय? घेण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते बाटलीत मिळत नाही. चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना प्रथम बसण्या-झोपण्यातील सुखासीनता सांगितली, आणि मग दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. याच भूमीत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला; त्यात राजाच्या उपभोगांचे आणि नाना पक्वान्नांचे वर्णन आहे. त्या काळी जे सुख राजाचे होते, ते आज सामान्याच्या घरी आले, आणि त्याबरोबर रोगही आला. सुश्रुताने निर्धन प्रमेह्याला सांगितलेला उपचार तर फार मार्मिक आहे: मुनीप्रमाणे संयमाने राहून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी. हा व्यायामच होय, आणि त्याचे फळ आधुनिक वैद्यकही मान्य करिते. मात्र सुश्रुताने हे चालणे पादत्राणावाचून सांगितले आहे. तेवढे आज घेऊ नये. बधिर झालेल्या पायाला काटा रुतल्याचे कळत नाही आणि त्यातून पाय गमावण्याची पाळी येते. दिंडीत वा पदयात्रेत अनवाणी चालण्याचे व्रत मधुमेह्याने घेऊ नये. त्याने पायताण घातले म्हणून देव रागावणार नाही.

आहारातही या भूमीचे दान मोठे आहे. ज्वारीची भाकरी, कलबुरगीची प्रसिद्ध तूर, पालेभाजी, मेथी, कारले ही सर्व येथलीच. ती मापाने खावी. आणि त्याबरोबर रक्तदाब आटोक्यात ठेवावा. कारण ब्रिटनमधील मोठ्या परीक्षेत, जिचा निष्कर्ष १९९८ साली निघाला, रक्तदाब कसोशीने आवरलेल्या मधुमेह्यांत मधुमेहजन्य मृत्यू शेकडा ३२ नी आणि पक्षाघात शेकडा ४४ नी घटले. मेद उतरविण्याच्या बाबतीत २०२२ साली अमेरिकेत दालचिनी, लसूण, हळद यांसह सहा पूरक पदार्थांची तुलना मेद उतरविणाऱ्या एका आधुनिक औषधाच्या अल्प मात्रेशी केली गेली. २८ दिवसांत त्या औषधाने अनिष्ट मेद शेकडा ३७ हून अधिक उतरविला. सहांपैकी एकही पदार्थ निव्वळ दिखाऊ गोळीहून सरस ठरला नाही. हळद आमटीत असावी, लसूण चटणीत असावा. हृदयाचे रक्षण मात्र त्यांच्याकडून मागू नये.

आता मठाच्या कर्तव्याविषयी थोडे. मठाच्या हातून मिळालेली मुळी भाविक नुसते औषध म्हणून घेत नाही, प्रसाद म्हणून घेतो. आणि प्रसादाविषयी कोणी शंका विचारीत नाही. म्हणूनच देणाऱ्याची जबाबदारी शतपट होते. चरकाने म्हटले आहे की, वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना व वनवासीयांनाही ठाऊक असतात. परंतु त्यांची योजना जाणणारा तोच खरा जाणता. तेव्हा मठात औषध द्यावयाचे तर ते शिक्षित वैद्याच्या हातूनच द्यावे. काय दिले ते लिहून द्यावे. रुग्ण दुसरी कोणती औषधे घेतो ते आधी विचारावे. आणि चालू औषध सोडण्यास कोणालाही, कधीही सांगू नये. रुग्णानेही वनौषधी घेत असल्यास ती डॉक्टरांपासून लपवू नये. कारण लपविलेले औषध हे अर्धे विष होय. उत्सवाच्या दिवशी महाप्रसादाच्या मंडपाशेजारी रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय असावी. हुग्गीच्या पंक्तीत मधुमेह्याने कणभर प्रसाद मस्तकी लावून भाकरी-आमटीचे पान घेतले, तर त्यात प्रसादाचा अवमान नाही, हे मठाने स्वमुखाने सांगावे. छातीवर दडपण, अकारण दम, घाम अशी लक्षणे दिसताच काढा उकळीत न बसता रुग्णाला तत्काळ इस्पितळी न्यावे. कलबुरगीत जयदेव हृद्रोग संस्थेची शाखा आहे. परंतु बीदरहून ते अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे, आणि हृदयाच्या झटक्यात घटका-घटकेला स्नायू मरत असतो. जवळच्या इस्पितळात प्रथम नेणे आणि वेळ न दवडणे, हाच त्या प्रसंगीचा धर्म.

सज्जनहो, वनस्पतींविषयी आदर हा आपल्या संस्कृतीचा अलंकार आहे. तो अंधतेत परिणत होऊ नये. औषधींना वंदन करणाऱ्या ऋषींनीच त्यांची परीक्षा करण्याचा दंडकही घालून दिला. त्यांचे नाव घेऊन परीक्षा टाळणे हा त्यांचा गौरव नव्हे. या सीमाभूमीतील प्रत्येक मधुमेह्याच्या ताटात मेथी असावी, पायात चाल असावी, वैद्याच्या वहीत त्याच्या रक्तदाबाची नोंद असावी आणि त्याच्या हृदयातील ओज अक्षय राहावे, अशी श्रीगुरुचरणी प्रार्थना.

इति शम्.